दोन घरांचा घरखर्च

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ होऊन गेलें. आमच्या आत्याबाईंचें निवृत्तिवेतन ज्या बँकेंत जमा होतें, त्या बँकेनें त्यांस पत्र धाडून त्यांचा पत्ता, छायाचित्र व उत्पन्नाचें साधन पुन्हा एकदां लेखी कळविण्यास सांगितलें. न कळविल्यास खात्यांतून पैसे काढतां येणार नाहींत, अशी पुस्तीही जोडली होती. आत्याबाईंनीं एकतीस वर्षें मुलींच्या शाळेंत संस्कृत शिकविलें. "अरे, माझा पहिला पगार ज्या बँकेंतून मीं काढला, तिनें आज मला विचारावें कीं तूं कोण?" असा त्यांचा सवाल. "सर्वांनाच विचारतात, आत्या," असें सांगून मीं वेळ मारून नेली. पण हें उत्तर नव्हे, हें त्यांनाही कळलें आणि मलाही. म्हणून ह्या महिन्याचें पान त्या प्रश्नाच्या उत्तराकडे लावीत आहें. उत्तराची वाट लांबची आहे. ती न्यूयॉर्क, पॅरिस, लाहोर आणि सोमालियांतील मोगादिशु ह्या गांवांवरून जाते.

जुन्या काळीं पैसा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई तो हुंडीनें. नागपुरच्या पेढीनें लिहून द्यावें, काशीच्या अडत्यानें त्या कागदावर रोख रक्कम मोजावी, आणि मध्यें एक रुपयाही रस्त्यानें जाऊं नये, अशी ती सोय. तिच्यांत शहाजोग म्हणून एक प्रकार असे. ही हुंडी कोणाही सोम्यागोम्यानें आणून दाखविली म्हणून तिचे पैसे मिळत नसत; बाजारांत ज्याची पत आहे अशा शहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित सावकाराच्या, हातूनच ती वटत असे. घेणारा कोण हें पाहिल्याशिवाय पैसा सोडूं नये, ही सावधगिरी म्हणजे आज निघालेला शोध नव्हे. पूर्वीं ओळख पटविण्याचें काम पेढीवरचा मुनीम चेहरा पाहून करी. आतां तें दूरदेशीं झालेल्या ठरावांच्या आधारें होतें, इतकेंच.

ह्या ठरावांचा उगम पाहूं गेल्यास तो अंमली पदार्थांच्या व्यापारांत सांपडतो. १९८९ सालीं पॅरिस येथें सात धनाढ्य राष्ट्रांची बैठक भरली असतां, त्या व्यापाराचा काळा पैसा बँकांतून फिरून शुभ्र होतो त्यास आळा घालावा, म्हणून फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स ह्या नांवाचें एक मंडळ नेमण्यांत आलें. (भारत त्याचा सभासद झाला तो २०१० मध्यें.) पुढें १९९९ च्या ऑक्टोबरांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनें १२६७ क्रमांकाचा ठराव करून तालिबानची द्रव्यकोंडी आरंभिली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत, दहशतवादास पैसा पुरविणें हा स्वतंत्र गुन्हा मानणारा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. त्यावर रीतसर मान्यतेची मोहोर उठविणारीं राष्ट्रें मात्र पहिलीं दोन वर्षें अगदीं मोजकीं होतीं. मग २००१ च्या ११ सप्टेंबरास न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, आणि सतराव्या दिवशीं १३७३ क्रमांकाचा ठराव एकमतानें संमत झाला. करार ज्याला पटेल त्यानें सही करावी. हा ठराव मात्र कोणाच्याही सहीची वाट न पाहतां सर्व राष्ट्रांवर बंधनकारक. पॅरिसच्या मंडळानेंही पुढच्याच महिन्यांत दहशतवादाचा पैसा आपल्या कक्षेंत घेतला. आपल्याकडे काळ्या पैशाच्या शुद्धीकरणाविरुद्धचा कायदा २००२ सालीं झाला व तो २००५ च्या जुलैंत अमलांत आला. आत्याबाईंस आलेल्या पत्राची वंशावळ ही अशी आहे.

आतां ह्या शस्त्राची धार कोठें आहे तें पाहूं. कराचीच्या व्यापाऱ्यास जर्मनीहून यंत्र मागवावयाचें असेल, तर तो दाम बहुधा डॉलरांत चुकवितो. आणि डॉलर कराचीहून थेट जर्मनीस जात नाहीं. कराचीच्या बँकेचें न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेंत खातें असावें लागतें, आणि खरी देवघेव तेथल्या वह्यांत होते. न्यूयॉर्कच्या बँकेनें तें खातें बंद केलें कीं कराचीची बँक जगाच्या बाजारांतून उठलीच. तोफ नको, आरमार नको. एका कारकुनानें वहींत एक आडवी रेघ ओढली कीं काम झालें. आमच्या वडीलधाऱ्यांस ग्रामण्य हा शब्द ठाऊक आहे. ज्याला वाळीत टाकावयाचें त्याला कोणी मारीत नसे. त्याच्या घरीं भिक्षुक जात नसे, त्याची मुलगी कोणी करून घेत नसे. आणि त्याच्याशीं जो व्यवहार ठेवील तोही वाळीत, हें त्यांतलें खरें मर्म. बँकांच्या बहिष्काराचें मर्मही तेंच. जी बँक बहिष्कृताचा पैसा हातीं धरील, तिच्यावर दंड. फ्रान्सच्या बीएनपी परिबा ह्या बँकेस सुदान, इराण वगैरे बहिष्कृत देशांचे व्यवहार केल्याबद्दल २०१४ सालीं अमेरिकेनें जवळजवळ ९०० कोटि डॉलरांस घोळसलें. एवढा आंकडा कानीं पडल्यावर दुसऱ्या बँकेनें कांपूं नये तर काय करावें?

मात्र वाळीत कोणास टाकावयाचें ही यादी ठरविण्याचें काम मुत्सद्द्यांचें, आणि तेथें मामला रेंगाळतो. सुरक्षा समितीच्या पंधरा सभासदांपैकीं एकानेंही हात आडवा केला, तर नांव यादींत चढत नाहीं. मसूद अझर ह्याच्या जैश-ए-महंमद ह्या संघटनेचें नांव २००१ सालींच यादींत गेलें होतें. पण खुद्द त्याचें नांव घालावें म्हणून भारतानें २००९ सालीं धरलेला आग्रह फलद्रूप झाला तो १ मे २०१९ रोजीं. मधल्या काळांत चीननें 'तांत्रिक कारणास्तव' वेळोवेळीं हरकत घेतली. ती हरकत मागें घेतली जाण्यापूर्वीं पुलवामा येथें आपले चाळीस जवान मारले गेले होते.

हाफिज सईद ह्याचें नांव मात्र यादींत त्वरेनें गेलें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसें प्राणांस मुकलीं, आणि १० डिसेंबरास नांव चढलें. म्हणजे कागदोपत्रीं त्या दिवसापासून त्याचा पैसा गोठला. प्रत्यक्षांत काय झालें? कधीं घरांतच स्थानबद्ध, कधीं मोकळा, असा तो दहा वर्षें लाहोरांत वावरला. सभा भरवीत राहिला. त्याच्या संस्था नांवें बदलून धर्मकार्याच्या मिषानें वर्गण्या गोळा करीत राहिल्या. यादी होती, पण ती अमलांत आणणारें सरकार त्याचेंच यजमान.

हें चित्र पालटलें तें पॅरिसकडून. टास्क फोर्सनें जून २०१८ मध्यें पाकिस्तानला आपल्या करड्या यादींत घातलें. ही यादी म्हणजे ग्रामण्याची पूर्वसूचना. तिनें बहिष्कार पडत नाहीं. पण परदेशच्या बँका त्या देशाकडे जरा संशयानें पाहूं लागतात, चौकशा लांबतात, कर्जें महाग होतात. सुधारणेचीं २७ कलमें पाकिस्तानच्या हातीं देण्यांत आलीं, व वर्षांतून तीनदां त्यांची झडती होऊं लागली. २०२१ मध्यें आणखी सात कलमांची भर पडली. आणि ज्या माणसास दहा वर्षें कोणी हात लावला नव्हता, त्यास जुलै २०१९ मध्यें अटक होऊन फेब्रुवारी २०२० मध्यें शिक्षा झाली! सुरक्षा समितीच्या ठरावाला जें साधलें नाहीं, तें पैसा महाग होण्याच्या भीतीनें वीस महिन्यांत साधलें. शिक्षा झाली ती मात्र दहशतवादास पैसा पुरविल्याबद्दल. मुंबईच्या रक्ताबद्दल नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्यें पाकिस्तान त्या यादींतून बाहेर पडलें. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्यें पहलगाम येथें सव्वीस माणसें मारलीं गेलीं, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचीं. आणि जूनमध्यें टास्क फोर्सनें निषेध करतांना, पैसा व तो हलविण्याचीं साधनें ह्यांवांचून असा हल्ला होऊं शकत नाहीं, असें म्हटलें. म्हणणें खरें आहे. परंतु तें म्हणण्यापुरतेंच राहील कीं काय, अशी शंका मनांत येते ती दडविण्यांत अर्थ नाहीं.

ह्या सर्व प्रकरणांतील एक लहानशी गोष्ट मात्र घरांत वाचून दाखविली, तेव्हां आत्याबाईंनीं हातांतली वात तशीच ठेविली. सईद हा पूर्वीं लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठांत शिक्षक होता. बँकेंतील खातें गोठल्यावर घर चालावें कसें, म्हणून पाकिस्तान सरकारनें सुरक्षा समितीच्या उपसमितीकडे अर्ज केला कीं, ह्या गृहस्थास कुटुंबाच्या खर्चासाठीं दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये काढूं द्यावेत. मुदतींत एकाही सभासदानें हरकत घेतली नाहीं, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें परवानगी मिळाली. ह्यांत नियमबाह्य कांहीं नाहीं. अन्न, घरभाडें, औषधपाणी व कर ह्यांपुरता पैसा यादींतल्या माणसासही मिळावा, असा १४५२ क्रमांकाचा ठराव २००२ सालींच झालेला आहे. अपराध्याच्या घरांतील चूलही पेटली पाहिजे, हें तत्त्व मला स्वतःला मान्य आहे. आत्याबाईंस तें मान्य झालें कीं नाहीं, तें सांगवत नाहीं.

पण आतां दुसरें घर पाहा. हें मोगादिशुचें. सोमालियांत १९९१ सालीं सरकारच कोसळलें. धड बँक उरली नाहीं. लक्षावधि लोक परदेशीं पांगले, आणि तेथें राबून मिळविलेल्या डॉलरांतले पन्नास-शंभर दरमहा घरीं धाडूं लागले. धाडावयाचे कसे? आपल्या हुंडीसारख्याच पद्धतीनें पैसे पोंचविणाऱ्या पेढ्यांमार्फत. त्यांतली सर्वांत मोठी अल-बरकात. ७ नोव्हेंबर २००१ रोजीं अमेरिकेनें ही पेढी दहशतवाद्यांची म्हणून जाहीर केली, कचेऱ्यांवर छापे घातले, खातीं गोठविलीं. कोणाचा भाऊ मिनियापोलिसमध्यें हॉटेलांत भांडीं घासून पैसे धाडीत होता, कोणाची मुलगी लंडनमध्यें रुग्णालय झाडीत होती. त्यांचे वाटेंत असलेले पैसे वाटेंतच अडकले. पुढें ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगाच्या तज्ज्ञांनीं २००४ सालीं सर्व कागद तपासले, तेव्हां ह्या पेढीनें अल-कायदास पैसा पुरविल्याचा पुरावा त्यांस आढळला नाहीं. आणि खुद्द हल्लेखोरांचा पैसा? चार ते पांच लाख डॉलर खर्चाचा तो कट. त्यांतली बरीच रक्कम दुबईकडून सरळ बँकेच्या तारेनें फ्लोरिडांतील बँकेंत आली होती, आणि तेथलीं खातीं हल्लेखोरांनीं आपल्या खऱ्या नांवांनीं उघडलीं होतीं. चोर राजरस्त्यानें गेला, आणि पायवाट मात्र खणून टाकली!

सोमालियाचें दुर्दैव एवढ्यावर संपलें नाहीं. २०१३ मध्यें लंडनच्या बार्कलेज बँकेनें दहबशील ह्या दुसऱ्या सोमाली पेढीचें खातें बंद करण्याची नोटीस दिली. त्या पेढीचें नांव कोणत्याही यादींत नव्हतें. बँकेस दंडाचें भय होतें, आणि अशा गिऱ्हाइकापासून मिळणारा नफा त्या भयापुढें कांहींच नव्हता. ऑलिंपिकवीर मो फारा ह्यानें जाहीर विनंति केली, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, नोव्हेंबरांत तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. ह्याच जातीच्या निर्णयांत सर्वांत मोठी अडचण अशी कीं, दाद मागावी कोणाकडे? लाहोरच्या घरासाठीं न्यूयॉर्कमध्यें अर्ज करतां येतो, कारण त्या घरधन्याचें नांव यादींत आहे. मोगादिशुच्या आईचें नांव कोणत्याच यादींत नाहीं. म्हणून तिच्या घरखर्चाच्या परवानगीचा अर्जही कोठें नाहीं.

यादींत ज्यांचीं नांवें चुकून गेलीं, त्यांच्यासाठींही पुष्कळ वर्षें दार बंदच होतें. सौदी व्यापारी यासीन कादी ह्याचें नांव ऑक्टोबर २००१ मध्यें चढलें. आरोप काय, पुरावा काय, हें त्यास सांगण्यांत आलें नाहीं. तो युरोपच्या न्यायालयांत गेला. ३ सप्टेंबर २००८ रोजीं लक्झेंबर्गच्या न्यायपीठानें निर्णय दिला कीं, ठराव सुरक्षा समितीचा असला तरी माणसाचें म्हणणें ऐकून न घेतां त्याची मालमत्ता गोठविणें युरोपांत चालणार नाहीं. ह्या चपराकीनंतर २००९ सालीं तक्रारी ऐकण्यासाठीं एक स्वतंत्र लोकपाल नेमण्याचें ठरलें, आणि कादीचें नांव २०१२ मध्यें निघालें. अकरा वर्षें! इतक्या अवधींत आमच्याकडे मूल शाळेंत जाऊन मॅट्रिक होतें.

ह्यावरून हें शस्त्रच मोडून टाकावें, असें म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. मुंबईच्या त्या तीन रात्रीं आमच्या घरचा एक मुलगा कुलाब्यांतल्या कचेरींत अडकून पडला होता. त्या रात्रीं घरांत कोणी अंथरुणाला पाठ लावली नाहीं. पैशाची नाडी आंवळल्याशिवाय लाहोरच्या गृहस्थास तुरुंग दिसला नसता, हें मीं वर लिहिलेंच आहे. माझी तक्रार एवढीच आहे कीं, ज्या मुत्सद्द्यांनीं यादींतल्या माणसाच्या स्वयंपाकघराचा विचार करून स्वतंत्र ठराव केला, त्यांनीं यादीबाहेरच्या स्वयंपाकघरासाठीं इतक्या उशिरां व इतकें थोडें करावें. सुरक्षा समितीनें अन्नधान्याच्या व मदतकार्याच्या पैशास सर्वच बहिष्कारांतून सूट देणारा २६६४ क्रमांकाचा ठराव केला तो डिसेंबर २०२२ मध्यें. आणि मुलानें आईला धाडलेली दरमहाची रक्कम कांहीं मदतकार्यांत मोडत नाहीं.

हें सारें आत्याबाईंना ऐकविल्यावर त्यांनीं चष्मा पुसला, आणि बँकेचा कागद मजकडून मागून घेतला. पत्ता लिहिला, छायाचित्र डकविलें. उत्पन्नाचें साधन ह्या रकान्यांत त्यांनीं लिहिलें, "मुलींस शिकविलेलें संस्कृत." तो कागद चार दिवसांनीं परत आला, तेथें निवृत्तिवेतन असें लिहावें, अशी शिसपेनीनें सूचना होती. आत्याबाईंनीं तसें लिहून दिलें आहे, पण पहिला मजकूर खोडलेला नाहीं.