पडद्याआधी माणूस

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली आणि राज्यभर ‘ऑनलाइन’चा गजर सुरू झाला. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर, पवनी, मोहाडीकडच्या कित्येक घरांत मात्र फोन एकच, तोही सकाळी कामावर निघालेल्याच्या खिशात. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या त्या वर्षीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे ६२ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो मुलाच्या हाती किती वेळ येतो, हे या आकड्यातून कळत नाही.

नागपूर विभागाने तेव्हा रेडिओ हाताशी धरला. प्रशासन, आकाशवाणी नागपूर आणि ‘प्रथम’ ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. भाग पंधरा मिनिटांचा, उपक्रम घरच्या घरी करता येतील असे, आणि ते करून घ्यायला आईवडील. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात हा विचार शहाणपणाचा होता. रेडिओला डेटा लागत नाही, आणि बांधीत रोवणी चालू असली तरी तो वाजतो.

त्यात नवं काहीच नव्हतं, हीच खरी गंमत. शैक्षणिक कार्यक्रम बनवण्यासाठी पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली होती. २०१७मध्ये ती बंद झाली, आणि तीनच वर्षांत राज्यातली सगळी मुलं घरी बसली! मग दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका आणावी लागली. चालती यंत्रणा मोडायची आणि संकट आलं की धावपळ करायची, ही सवय महागात पडते.

मोठ्यांच्या शिक्षणाचा अनुभव याहून बोलका आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शाळा सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या किती जणींनी या वाटेने पदवी गाठली! पुस्तकं घरी वाचायची असली तरी हे विद्यापीठ जवळच्या महाविद्यालयातल्या अभ्यासकेंद्रावर उभं आहे. तिथली संपर्क सत्रं आणि शंका सोडवणारे मार्गदर्शक नसते, तर ‘दूरशिक्षण’ हे नुसतं टपालशिक्षण झालं असतं.

सरकारचा जीव मात्र पडद्यावर. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘पीएम ई-विद्या’च्या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली. वाहिन्या वाढाव्यात, पण साकोलीतल्या सातवीच्या मुलीला अपूर्णांक अडला, तर ती विचारणार कुणाला?

म्हणून जिल्हा परिषदेने आणि आकाशवाणीने पंधरा मिनिटांचा रेडिओवर्ग संकटापुरता न ठेवता कायमचा वेळापत्रकात बसवावा. आणि मुलांसाठी टॅब घेण्याआधी प्रत्येक गावात त्या वर्गानंतर तासभर मुलांसोबत बसणाऱ्या एका शिकलेल्या तरुणीच्या मानधनाची तरतूद करावी.