इंधनबंदी आणि शेजाऱ्याचे गणित

२८ मार्च २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरला. उत्तर कोरियावरील निर्बंधांचे पालन होते की नाही, यावर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञ समितीची मुदत वाढवण्याचा तो ठराव होता. तेरा सदस्य ठरावाच्या बाजूने होते, चीन तटस्थ राहिला आणि एप्रिलअखेर समिती संपुष्टात आली. काही आठवड्यांतच अमेरिकेने जाहीर केले की, रशियाच्या वोस्तोच्नी बंदरातून एकट्या मार्च महिन्यात १ लाख ६५ हजार पिंपांहून अधिक शुद्धीकृत इंधन उत्तर कोरियाला गेले. डिसेंबर २०१७ च्या २३९७ क्रमांकाच्या ठरावानुसार त्या देशाला साऱ्या वर्षाची मर्यादा आहे ५ लाख पिंपांची. त्या ठरावाला रशियानेही मत दिले होते.

हुकूमशहा एकमेकांना सांभाळून घेतात, असे याचे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते अपुरे वाटते. वाळीत टाकलेल्या राजवटीला इंधन पुरवणारे देश तिच्यावर लोभ असतो म्हणून पुरवतात, असे इतिहासात फारसे आढळत नाही. या संदर्भात सर्वांत बोलके प्रकरण आहे ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचे. आपल्याकडे ते जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने ब्रिटनला न जुमानता एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. ब्रिटनने महिनाभरातच तेलबंदी लागू केली. हे बंड काही महिन्यांत नव्हे, तर काही आठवड्यांत मोडेल, असा विश्वास पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी जानेवारी १९६६ मध्ये लागोस येथील राष्ट्रकुल परिषदेत व्यक्त केला. देश भूवेष्टित, स्वतःचे तेल नाही आणि कच्चे तेल येणार ते पोर्तुगीज मोझांबिकमधील बैरा बंदरापासून निघालेल्या एकाच नळातून. तेव्हा हिशेब चुकीचा वाटण्याचे कारण नव्हते. एप्रिल १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेने बैराकडे जाणारी तेलवाहू जहाजे प्रसंगी बळ वापरून अडवण्याचा अधिकार ब्रिटनला दिला. ब्रिटिश युद्धनौकांनी मोझांबिक स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, तेथे पहारा केला.

नळ कोरडा पडला, पण ऱ्होडेशियातील मोटारी थांबल्या नाहीत. तेल बैराऐवजी लॉरेन्को मार्क्विसला, म्हणजे आजच्या मापुतोला उतरू लागले आणि तेथून रेल्वेने आत जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतून रस्त्याने गेले ते वेगळे. १९७८ मध्ये बिंगहॅम चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा उघड झाले की, शेल आणि बीपी या कंपन्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील शाखांचाच या पुरवठ्यात हात होता. मध्यंतरी फ्रान्सच्या टोटल कंपनीशी अदलाबदलीचा व्यवहार ठरला होता. टोटलने ऱ्होडेशियाला तेल द्यायचे आणि ब्रिटिश कंपन्यांनी तितकेच तेल दक्षिण आफ्रिकेत टोटलला द्यायचे. ब्रिटिश तेलाचा थेंबही ऱ्होडेशियात जात नाही, असे मग सभागृहात सांगता येते! लंडनमधील मंत्र्यांना १९६८ पासून याची कल्पना होती. बंदी घालणाऱ्यालाच दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार गमवायचा नव्हता.

येथे दक्षिण आफ्रिकेचे वर्तन बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिने स्मिथ सरकारला कधीही औपचारिक मान्यता दिली नाही. तरीही इंधन दिले. कारण दक्षिण आफ्रिकेचेच तेल तोडावे, ही मागणी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आधीच सुरू झाली होती. तेलबंदीने एखादे सरकार कोसळते हे ऱ्होडेशियात सिद्ध झाले असते, तर पुढचा क्रमांक कोणाचा, हे प्रिटोरियात कोणाला विचारावे लागले नसते. आफ्रिकेतील वसाहतींसाठी लढणाऱ्या पोर्तुगालची भीतीही त्याच जातीची होती. झळ सोसली ती झांबियाने. त्याचे इंधन ऱ्होडेशियातून येत असे. स्मिथ यांनी ते तोडले आणि ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांना झांबियासाठी विमानांनी तेल वाहावे लागले.

अखेर १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे गणित बदलले. मोझांबिक आणि अंगोलातून पोर्तुगीज गेले होते, स्मिथ हे ओझे झाले होते आणि किसिंजर तडजोडीसाठी खेटे घालत होते. दक्षिण आफ्रिकेने पुरवठा आखडता घेतला. दहा वर्षे जगाला न जुमानणाऱ्या स्मिथ यांनी त्या सप्टेंबरमध्ये बहुसंख्याकांच्या राज्याचे तत्त्व मान्य केले. गनिमी युद्धाचा रेटाही त्यामागे होता, हे खरे. परंतु सुरक्षा परिषदेच्या ठरावांना जे जमले नव्हते, ते शेजाऱ्याने हात आखडताच घडू लागले.

नफ्याचा भाग मी नाकारत नाही. नेपाळच्या सीमेलगतच्या एका जिल्ह्यात काम करताना मी रॉकेलचे डबे सायकलींवरून सीमापार जाताना पाहिले आहेत. दोन्ही बाजूंच्या भावांत तफावत असली की नाकी कितीही वाढवा, वाट निघतेच. दक्षिण आफ्रिकेवर पुढे खरोखरच तेलबंदीचा फास पडला, तेव्हा १९७३ ते १९८४ या काळात नेहमीपेक्षा २,२०० कोटी रँड जादा मोजावे लागल्याची कबुली पी. डब्ल्यू. बोथा यांनी दिली होती. ती रक्कम कोणाच्या तरी खिशात गेलीच. उत्तर कोरियाच्या बाबतीतही ऑक्टोबर २०१७ मध्ये हाँगकाँगचा ध्वज लावलेल्या ‘लाइटहाउस विनमोअर’ या जहाजाने भरसमुद्रात सुमारे ६०० टन इंधन उत्तर कोरियाच्या जहाजात उतरवले. ते इंधन भरले होते दक्षिण कोरियाच्याच येओसू बंदरात. पण व्यापाऱ्याचा लोभ असा चोरून चालतो. बंदरातून राजरोस तेल सोडायला सरकारची इच्छा लागते.

चीनची इच्छा समजण्याजोगी आहे. प्याँगयांगमधील राजवट कोसळली तर निर्वासितांचे लोंढे आणि त्यामागोमाग यालू नदीपर्यंत येऊ शकणारे अमेरिकी सैन्य, या दोन्हींची त्याला धास्ती आहे. १९५० मध्ये याच कारणाने तो युद्धात उतरला होता. म्हणून २०१७ चा ठराव त्याने मान्य केला, पण कच्च्या तेलाची मर्यादा वर्षाला ४० लाख पिंपे इतकी राहिली. शेजारी गुदमरणार नाही, एवढी हवा तिने शिल्लक ठेवली.

रशियाचे तसे नाही. त्याच्या दृष्टीने २०१७ मध्ये निर्बंधांची व्यवस्था उपयोगाची होती, कारण सुरक्षा परिषदेतील त्याचे वजन तिच्यातून दिसत असे. २०२२ नंतर तो स्वतःच निर्बंधांखाली आला. तोफगोळे हवे होते, पुढे सैनिकही हवे झाले. जून २०२४ मध्ये पुतिन यांनी प्याँगयांगला जाऊन करार केला आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक कुर्स्कच्या आघाडीवर दिसले. ज्याच्यावर आधीच सारे काही लादून झाले आहे, त्याला आणखी एका ठरावाच्या भंगाबद्दल कोणती शिक्षा देणार? निर्बंध जितक्या देशांवर जितक्या सढळपणे लादले जातात, तितकी ते मोडण्यात हितसंबंध असलेल्यांची संख्या वाढते, असे माझे मत आहे. पाश्चात्त्य राजधान्यांत या बाजूचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

भारताने या बाबतीत एक रेघ आखून घेतली आहे: संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळायचे, एखाद्या देशाचे एकतर्फी निर्बंध बंधनकारक मानायचे नाहीत. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी १९४६ मध्येच व्यापार तोडणारा आपला देश निर्बंधांच्या तत्त्वाविरुद्ध कधीच नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये अन्न आणि औषधे वगळता उत्तर कोरियाशी व्यापार थांबवतानाही, तेथील आपला दूतावास मात्र आपण चालू ठेवला. व्यवहारात ही रेघ वाकते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेची सवलत संपताच मे २०१९ मध्ये आपण इराणचे तेल घेणे थांबवले, ते संयुक्त राष्ट्रांच्या आदेशावरून नव्हे. रशियाच्या तेलाबाबत आपण अधिक ताठ राहिलो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने वाडिनारच्या शुद्धीकरण कारखान्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने २५ टक्के जादा आयातशुल्क लादले.

आता त्या रेघेचीच कसोटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इराणवरील संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले, परंतु रशिया आणि चीन त्यांना वैधच मानत नाहीत. सुरक्षा परिषदेचे दोन स्थायी सदस्य जे निर्बंध अमान्य करतात, ते आपल्या व्याख्येनुसार संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध ठरतात की नाही? चाबहार बंदरात गुंतवणूक केलेल्या देशाला हा प्रश्न फार काळ फायलीत ठेवता येणार नाही.