खरी श्रद्धा कशावरून ओळखावी?

दर रविवारी मिस्साबलिदानात आपण एकमुखाने श्रद्धेचा अंगीकार करतो. परंतु ओठांवरील हा अंगीकार अंतःकरणात रुजला आहे किंवा नाही, याची कसोटी चर्चच्या उंबरठ्याबाहेरच लागते. याकोबाचे पत्रही श्रद्धेला कृतीपासून वेगळे होऊ देत नाही.

या संदर्भात धन्य भगिनी राणी मारिया यांचे स्मरण होते. केरळात जन्मलेल्या या धर्मभगिनीने मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून मुक्त होण्यासाठी संघटित केले. त्यामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांच्या चिथावणीवरून समंदर सिंह याने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांची हत्या केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले.

तथापि श्रद्धेची साक्ष येथेच संपत नाही. त्यांच्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली. २००६ साली सुटलेल्या समंदरला त्या कुटुंबाने आपलेसे केले. ही क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. शिक्षा तर त्याने भोगलीच होती. क्षमेने त्याला शिक्षेपलीकडचे नवे जीवन दिले.

आपल्या धर्मग्रामांत मात्र बांधावरच्या वादापायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरतात आणि एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. वेदीकडे जाण्यापूर्वी भावाच्या दारी जाण्याचे धैर्य आपल्या श्रद्धेत आहे काय?