पेटीवाले गोविंदराव

परदेशीपुऱ्यातलं आमचं जुनं घर या दिवाळीनंतर रिकामं करायचं आहे. सामानाची वाटणी सुरू झाली आहे. पितळेच्या भांड्यांना चार घरांतून मागणी आली, आजोबांच्या पेटीला मात्र कोणी विचारलं नाही. फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे? आजोबा गिरणीत होते. संध्याकाळी भजनाला आणि गणपतीत मेळ्याला हीच पेटी घेऊन बसायचे.

गेल्या रविवारी माझी बारा वर्षांची भाची आली. ती कीबोर्ड शिकते. सध्या तिचं ‘अ‍ॅली कॅट’ चाललंय, डेन्मार्कच्या बेंट फॅब्रिकची १९६२ सालची धून. "मामा, हा पियानो वाजवायचा, सिनेमांना आणि मालिकांना म्युझिक द्यायचा. ऐंशीच्या घरात असताना त्यानं परत नाचायची गाणी काढली! आपल्याकडे होतं का असं कोणी?"

मी पेटीकडे बोट दाखवलं. ती हसली.

पण होतं ना. गोविंदराव टेंबे. जन्म १८८१ चा, कोल्हापूरकडचा. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या मागे पेटीची साथ करता करता नावारूपाला आले. साथीदार बाजूला बसतो, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. गोविंदरावांची पेटी मात्र लोक मुद्दाम ऐकायला यायचे, कारण ते ती गळ्यासारखी वाजवत. पेटीवर मींड निघत नाही, एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. तरी ऐकणाऱ्याला गाण्याचा भास व्हावा, ही त्यांची करामत.

१९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली यांच्या. ठुमरी, दादरा, कजरी अशी उत्तरेकडची चाल त्यांनी मराठी नाटकात आणली आणि नाट्यसंगीताचा तोंडवळाच बदलला. (२०२५ च्या जानेवारीत त्याच नाटकावरून सिनेमा आला, तो भाचीनं पाहिला होता. तिला ते नवं वाटलं होतं!) आमच्या आजोबांचा हातही त्याच चालींवर बसलेला. पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, मग ती सोडून स्वतःची शिवराज मंडळी. त्या भानगडी बऱ्याच आहेत, इथे नकोत.

मला आवडतो तो त्यापुढचा भाग. १९३२, कोल्हापूर, प्रभात फिल्म कंपनी. शांतारामबापू ‘अयोध्येचा राजा’ काढत होते. मराठीतला हा पहिला बोलपट मानला जातो. संगीत गोविंदरावांचं. आणि हरिश्चंद्र कोण? तेही गोविंदरावच, पन्नाशीला आलेले! समोर तारामती म्हणून दुर्गाबाई खोटे. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून अभिनय करतानाच गायचं, आणि वादकांनी चित्रात दिसणार नाही अशा जागी बसून वाजवायचं. एके काळी बाजूला बसणारा साथीदार आता मधोमध उभा होता. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला, पुढच्या वर्षी ‘सिंहगड’. या वयात नवं तंत्र शिकायचं म्हणजे काय, हे मला अजून यूपीआयसाठी भाचीला फोन करावा लागतो म्हणून चांगलं कळतं.

आणि मग १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीच बंद केली. परदेशी वाद्य, ठरीव सूर, आपल्या श्रुती यात बसत नाहीत, असे आक्षेप होते. आक्षेप अगदीच खोटे नव्हते, हेही सांगायला हवं. पण गावोगावची भजनं आणि नाटकं ज्या पेटीवर उभी होती, तिला रेडिओवर तीस वर्षं जागा नव्हती. बंदी सैल झाली १९७१ च्या सुमारास. गोविंदराव १९५५ मध्येच गेले होते.

"म्हणजे त्यांचंच वाद्य बॅन?" भाची म्हणाली. मग तिनं पेटीवरचं कापड काढलं. भाता फाटलेला नव्हता, नुसता कडक झाला होता. एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं पट्ट्या, हे तिला जमेना. कीबोर्डला दोन्ही हात मोकळे असतात ना. शेवटी भाता मी धरला. अ‍ॅली कॅट निघालं, जरा लंगडत. काळी दोन वाजेना, तिथे प्रत्येक वेळी नुसती हवा फुसकन जायची आणि ती खो खो हसायची.

दुरुस्ती करणाऱ्या काकांना फोन केलाय. ते शनिवारी येतो म्हणाले. भाचीनं शनिवारचा क्लास बुडवायचं ठरवलंय. तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.