चंद्राची लाट आणि दरवाजाची लाट

नदीच्या लाटेवर फळी टाकून उभे राहायचे आणि प्रवाहाच्या उलट दिशेने कित्येक किलोमीटर जायचे, असा एक खेळ जगात आहे. त्याचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर फिरत असतात. आम्हा गोंदियाच्या निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर असा व्हिडिओ आला की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. "पोट भरलेल्यांची थेरं आहेत ही!" "मरायचीच हौस असेल तर कोण काय करणार?"

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. नदीला ओळखून वागणारी माणसे पाहायची असतील, तर ती या फळीवाल्यांत सापडतील. आणि नदीशी बेपर्वाईने वागणारे पाहायचे असतील, तर त्यासाठी परदेशात जायची गरज नाही.

आधी ही लाट म्हणजे काय ते सांगतो. मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला मोठी भरती, म्हणजे उधाण येते. नदीचे मुख नरसाळ्यासारखे असेल, म्हणजे समुद्राकडे रुंद आणि आत अरुंद होत जाणारे, आणि पात्र उथळ असेल, तर आत घुसणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही. मग ते एका भिंतीसारखे उभे राहते आणि नदीच्या प्रवाहाला मागे सारत वर चढत जाते. इंग्लंडच्या सेव्हर्न नदीत अशी लाट येते. चीनच्या छिआनथांग नदीत तर फार मोठी येते. आपल्याकडे कोलकात्याच्या हुगळीत येते. बंगाली लोक तिला 'बान' म्हणतात आणि त्यातल्या मोठ्या बानाला 'षाँडाषाँडीर बान', म्हणजे सांडांच्या झुंजीचा लोंढा! असा शब्द एका दिवसात तयार होत नाही. पिढ्यान् पिढ्या काठावर उभे राहून पाहिल्यावर तो तोंडात बसतो.

सेव्हर्नच्या लाटेवर पहिल्यांदा फळी घातली ती १९५५ साली जॅक चर्चिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने. दुसऱ्या महायुद्धात तलवार घेऊन लढायला जाणारा हा गृहस्थ. त्याला लोक 'वेडा जॅक' म्हणत. पण हा वेडा नदीत उतरला तो लाटेची वेळ पाहून. आज सेव्हर्नच्या लाटांचे वेळापत्रक आगाऊ मिळते. कोणत्या तारखेला, कोणत्या गावाजवळ, किती वाजता आणि लाट लहान की मोठी, सगळे त्यात असते. वाऱ्यापावसाने थोडा फरक पडतो, तोही लोकांना माहीत असतो. हुगळीच्या घाटांवरही मोठा बान येण्याआधी इशारा दिला जातो आणि नावाडी आपल्या नावा काठापासून दूर खोल पाण्यात नेतात.

चंद्राची लाट कुणाला मारत नाही असे मी म्हणत नाही. छिआनथांगच्या काठावर तमाशा पाहायला गेलेली माणसे वाहून गेल्याच्या घटना आहेत. पण तिथे लाटेने दगा दिला असे कुणी म्हणू शकत नाही. ती सांगून आली होती.

आता आपल्याकडे या. आमची वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी उगम पावते आणि खाली येऊन गोंदिया-भंडाऱ्याची तहान भागवते. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर, त्यामुळे भरतीची लाट इथे येणे शक्य नाही. तरी आमच्या नदीत लाट येतेच. ती धरणाच्या दरवाजातून येते. वर मध्य प्रदेशात भीमगडला संजय सरोवर आहे, आमच्या जिल्ह्यात पुजारीटोला आणि इटियाडोह आहेत, खाली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या नदीने काय केले ते काठच्या लोकांना सांगायला नको. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले गेले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावेच्या गावे पाण्यात गेली.

तो पूर होता, निसर्गापुढे कुणाचे चालते, असे कुणी म्हणेल. ठीक आहे, पूर बाजूला ठेवू. पूर नसतानाच्या दोन गोष्टी सांगतो.

७ एप्रिल २००५. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातले धाराजी, नर्मदेचा काठ. भूतडी अमावास्येची जत्रा भरलेली. हजारो माणसे पात्रात आणि काठावर होती. वरच्या इंदिरासागर धरणातून पाणी सोडले गेले आणि रात्री ते जत्रेवर आले. पन्नासहून अधिक माणसे गेली. चैत-वैशाखाच्या उन्हात कसला पूर?

८ जून २०१४. हिमाचलमधली बियास नदी. हैदराबादहून सहलीला आलेली इंजिनिअरिंगची पोरे पात्रातल्या दगडांवर फोटो काढत उभी होती. लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. मी आयुष्यभर मुलांच्या सहली काढल्या. ही बातमी वाचून दोन रात्री झोप लागली नव्हती.

वाचकहो, धाराजीची गोष्ट पुन्हा नीट पाहा. अमावास्येची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. जत्रा त्या दिवशी भरणार हे लहान पोरालाही ठाऊक होते. चंद्राने आपली वेळ पाळली, यात्रेकरूंनी आपली पाळली. ज्याची वेळ कुणालाच ठाऊक नव्हती ते फक्त दरवाजाचे पाणी! दोन लाखांहून अधिक मैलांवरून कुणाशी न बोलता पाणी ओढणारा चंद्र जे करतो, ते फोन, जीप आणि भोंगा हाताशी असलेल्या माणसाला जमू नये?

यावर उत्तर तयार असते. "दरवाजे अचानक उघडावे लागतात. महिनाभर आधी कसे सांगणार?" मान्य. महिनाभर आधी कुणी मागतच नाही. पण दरवाजा उघडल्यावर पाणी काही उडी मारून गावात येत नाही. ते वाट चालते. कोणत्या गावाला पोहोचायला किती तास लागतात, हे दरवर्षीच्या अनुभवाने काढता येते. एवढे तास जरी काठच्या माणसाला मिळाले तरी पुरेत.

दुसरे उत्तर त्याहून सोपे. "सतर्कतेचा इशारा दिला होता. नदीपात्रात जाऊ नये." इशारा कसा असतो? अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू. अहो, डोंगा घेऊन जाळे टाकायला गेलेल्या ढिवराला क्युसेक सांगून काय उपयोग? त्याला दोनच गोष्टी हव्यात. पाणी किती वाजता येणार आणि किती हात चढणार. आणि 'पात्रात जाऊ नये' म्हणजे काय? ज्याचे पोटच नदीवर, त्याने जायचे कुठे? उन्हाळ्यात वाळूत डांगरवाड्या लावणारी माणसे काही सेल्फी काढायला पात्रात राहत नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असेही नाही. नर्मदा जिथे समुद्राला मिळते त्या भरूच बंदराचे वर्णन सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तिथली भरती इतक्या जोराने आत येई की तिचा आवाज लांबून चालून येणाऱ्या सैन्यासारखा वाटे, असे तो लेखक सांगतो. त्याच ग्रंथात पुढची महत्त्वाची गोष्ट आहे. परक्या जहाजांना सुखरूप आत आणण्यासाठी राजाने स्थानिक कोळी चाकरीला ठेवले होते. नदी कोण जाणतो हे राजाला माहीत होते, आणि जाणणाऱ्याला तो पगार देत होता. त्याच नर्मदेच्या काठी दोन हजार वर्षांनी धाराजी घडले. प्रगती म्हणायची ती हीच का?

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक घाटावर एक फळा लावा. त्यावर वरच्या धरणाचे नाव आणि तिथून पाणी इथवर यायला लागणारे तास ठळक अक्षरांत लिहा. दरवाजा उघडायच्या आधी भोंगा, दवंडी आणि फोन, आणि तोही रात्री झोपेत असलेल्याला ऐकू जाईल असा. नदीकाठच्या प्रत्येक गावातला एक ढिवर या कामावर पगार देऊन नेमा. उन्हाळ्यात वीज किंवा सिंचनासाठी पाणी सोडायचे असेल, तर ती तारीख ठरलेलीच असते. मग ती आठवडाभर आधी बाजाराच्या दिवशी जाहीर करायला काय हरकत आहे?

फळीवर उभ्या राहणाऱ्या त्या पोरांना हसायचे असेल तर खुशाल हसा. पण ती पोरे लाटेवर उभी राहतात ती तिची वेळ ठाऊक असते म्हणून. आमची माणसे लाटेखाली जातात, कारण तिची वेळ ठाऊक असणारा माणूस ती सांगत नाही. यातला वेडा कोण, ते तुम्हीच ठरवा.