पणजीचा फुगा, सुप्याचा पाऊस

जोरदार पावसाचा इशारा आला, की आपण सुपेकर आधी रडारचे चित्र पाहतो. पण रडारला दिसतो तो ढगातला पाऊस. वरच्या थरांतली वाफ आणि वारा थेट मोजायला अजूनही फुगाच लागतो.

हवामान खात्याचा आपल्याला जवळचा फुगा पणजीहून सुटतो. खाली लटकलेले लहानसे यंत्र तापमान, दमटपणा, वारा रेडिओवरून कळवत ३० किलोमीटरच्या आसपास जाते, मग फुगा फुटतो. पावसाळ्यात खालचा पश्चिमेचा वारा त्याला घाटाकडे ढकलतो, १४-१५ किलोमीटरवरचा पूर्वेचा वारा परत समुद्राकडे. आपल्या कामाचा थर मात्र पहिल्या दीड-दोन किलोमीटरचा. तोच ओला वारा सह्याद्रीला धडकून काळीच्या खोऱ्यात रिता होतो, आणि फुगा तो थर पाच-सात मिनिटांत पार करतो!

अडचण वेळेची आहे. जगभर ठरलेल्या वेळा दोनच, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच. रात्री नऊला वाऱ्याचा जोर वाढला, तर फुग्याची नोंद पहाटेच. कोडसळ्ळी आणि कद्र्याचे दरवाजे किती उघडायचे, हे मात्र त्याच रात्री ठरवावे लागते.

अमेरिकेत चक्रीवादळ जवळ आले, की दर सहा तासांनी फुगे सोडतात. (त्याच देशात मार्च २०२५ मध्ये माणसे कमी पडल्याने ओमाहा आणि रॅपिड सिटीची उड्डाणे थांबली.) आमच्या मते रेड अलर्टच्या दिवसांत पणजीहूनही दुपारी आणि मध्यरात्री एकेक जादा फुगा सुटावा. फुगा, यंत्र सहसा परत मिळत नाही, खर्च आहेच. पण कद्र्याखालच्या लोकांना घर रिकामे करायला मिळणाऱ्या तासांशी तो ताडून पाहावा. केंद्र गोव्यात, पूर कर्नाटकात, म्हणून ही मागणी कारवारच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून जायला हवी.