न्हाव्याचा वारसा: धोकटी, खुर्ची आणि नकार

देवनहळ्ळीत केस कापायला बसलो की माझी नजर आरशात टिकत नाही, कारागिराच्या हाताकडे जाते. डाव्या अंगठ्याने गालाची कातडी ताणायची, वस्तरा आधी केसाच्या वळणाने न्यायचा, मग उलटा, शेवटी तुरटीचा खडा फिरवायचा. वस्तऱ्याला आता सहाणेवर धार लावत नाहीत, ब्लेड मधोमध मोडून अर्धं अडकवतात. हात मात्र तोच. माझ्या आजोबांचा होता तसा.

२००८ साली बंगळुरूचा नवा विमानतळ इथं सुरू झाला आणि टिपू सुलतानाचं हे जन्मगाव शहराच्या पोटात यायला लागलं. विमानतळाच्या बाजूला आता पुरुषांसाठी महागडी सलून दिसतात. वजनदार लोखंडी खुर्ची, गरम टॉवेल, जुन्या धाटणीचे आरसे आणि पाटीवर 'पारंपरिक' हा शब्द. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

कारण परंपरेत दुकान नव्हतंच. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजोबांकडे होती ती धोकटी. तीत वस्तरा, कात्री, फणी, सहाण, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी. ती काखेत मारून ते दारोदार जायचे, ओट्याखाली उकिडवे बसून हजामत करायचे. बदल्यात सुगीला धान्य, म्हणजे बलुतं. लग्नात मान, तोही उष्ट्या पत्रावळी काढण्याच्या कामासकट. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण हसत वापरतो. तुंबडी लावून रक्त काढणं हा गावातला उपचार होता आणि तो न्हावी करायचा, हे त्या हसण्यात विसरून जातो. एखाद्याचं कौशल्य घ्यायचं आणि त्याच्या नावाची शिवी करायची, ही जातीची जुनी रीत.

इथपर्यंत लिहिणं मला सोपं जातं, कारण यात आम्ही सोसणारे आहोत. पुढचं अवघड आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत साताऱ्यातलं बालपण सांगितलं आहे. गावात न्हावी भरपूर होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हता. भावंडांचे केस मोठी बहीण कापायची. सराव करून करून ती त्यात तरबेज झाली होती. मी हे बी.ए.ला वाचलं, तेव्हा पहिला विचार आला तो साताऱ्यातल्या न हललेल्या कात्रीचा. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना विचारलं, "अण्णा, आजोबा महारवाड्यात जायचे का?" अण्णा म्हणाले, "गेले असते तर बलुतं बंद झालं असतं."

खरं आहे ते. बलुतं देणारी घरं एकजूट होती आणि न्हाव्याचं पोट त्यांच्या कणगीत होतं. पण हे कारण आहे, माफी नाही. ज्याच्या डोक्याला वस्तरा लागला नाही, त्याला न्हाव्याची अडचण समजून घ्यायला सांगणारे आपण कोण?

आणि हा काही आजोबांच्या काळासोबत संपलेला प्रकार नाही. २०२० मध्ये याच कर्नाटकात, म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड तालुक्यात, दलितांचे केस कापतो म्हणून गावाने आपल्याला दंड केला आणि वाळीत टाकलं, अशी तक्रार एका न्हाव्याने केली होती. असे प्रकार टाळायला ग्रामपंचायतींच्या हद्दीत सरकारी केशकर्तनालयं काढावीत, असा प्रस्तावही त्याच सुमारास पुढे आला. संविधानाचं कलम १७ आहे, सेवा नाकारणं गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदा आहे, आणि तरी सरकारला स्वतः कात्री हातात घ्यायचा विचार करावा लागतो!

आमच्या समाजाच्या मेळाव्यात जीवा महाला आणि संत सेना यांचं नाव निघतं, ते निघावंच. मुंबईतल्या न्हाव्यांच्या सभेचं नाव मी तिथं क्वचितच ऐकलं. १८९० च्या सुमारास सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ती भरली होती. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या न्हाव्यांनी ठरवलं. गिऱ्हाईक बुडणार, वरच्या जाती चिडणार, हे त्यांनाही दिसत होतंच. म्हणजे नाही म्हणणं न्हाव्याला येत होतं. साताऱ्यातला नकार जातीला सांभाळणारा होता, मुंबईतला तिला बोट लावणारा. वारसा मोजायचा तर हे दोन्ही नकार मोजावे लागतील. महागड्या खुर्चीवरच्या गरम टॉवेलात यातलं काहीच नाही.

अण्णांनी पुढे धोकटी सोडून तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ टपरी टाकली. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, भिंतीवर दरफलक. दाढीचा दर सगळ्यांना एकच, पैसे रोख, गिऱ्हाईक कुठल्या गावचं याचा पत्ता नाही. आपल्यातले काही या टपरीला परंपरेची पडझड म्हणतात. मला तर तीच या धंद्यातली मोठी सुधारणा वाटते, कारण सुगीच्या धान्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज तिथं संपली. सगळीकडे नाही संपली. नंजनगूडच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं गावातलीच होती.

टपरीत पहिला दलित गिऱ्हाईक कधी बसला, हेही मी अण्णांना विचारलं होतं. "आठवत नाही," म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "त्याच्यासाठी टॉवेल वेगळा ठेवला होता. वर्षभर."